‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ची क्रायटेरियन ब्लू-रे: थट्टेतून जपले गेलेले रॉक अँड रोल

फ्रँक टॅशलिन दिग्दर्शित ‘द गर्ल कान्ट हेल्प इट’ हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा १९५६ सालचा विनोदी चित्रपट क्रायटेरियन कलेक्शन या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने २०२२ साली ब्लू-रे आणि डीव्हीडी अशा दोन्ही रूपांत बाजारात आणला. प्रस्तुत परीक्षण ब्लू-रे आवृत्तीचे आहे. लिटल रिचर्ड, एडी कॉक्रन, जीन व्हिन्सेंट, फॅट्स डॉमिनो ही रॉक अँड रोलची पहिली पिढी ऐन उमेदीत कशी दिसत होती, वाद्यापाशी कशी उभी राहत होती, अंगावर कोणते कपडे घालत होती, हे रंगीत आणि रुंद पडद्यावर पाहायचे असेल तर या चित्रपटाच्या तोडीचे दुसरे साधन नाही. त्यामुळे जुन्या हॉलिवूडशी फारसे देणेघेणे नसलेल्या, पण त्या संगीताची आवड असलेल्या वाचकानेही या तबकडीचा विचार करावा. मात्र भारतात राहणाऱ्या ग्राहकापुढे एक तांत्रिक अडचण आहे. तिचा तपशील पुढे दिला आहे आणि तो वाचल्याशिवाय मागणी नोंदवू नये.

चित्रपटाचे मोल कळण्यासाठी त्या वर्षी हॉलिवूडमध्ये काय चालले होते ते पाहायला हवे. सॅम कॅट्झमन या काटकसरी निर्मात्याने कोलंबिया पिक्चर्ससाठी काढलेला ‘रॉक अराउंड द क्लॉक’ १९५६ च्या पूर्वार्धात झळकला आणि त्याने भरपूर पैसा मिळवला. त्यानंतर छोट्यामोठ्या निर्मात्यांनी रॉक अँड रोलचे चित्रपट घाईघाईने काढले. ही लाट वर्ष-दोन वर्षांत ओसरेल असा सर्वांचाच होरा होता, म्हणून चित्रण कृष्णधवल, खर्च कमीत कमी आणि कथा म्हणजे गाणी वाळत घालायची दोरी, असा या चित्रपटांचा साचा ठरून गेला. वाद्यवृंद रांगेत उभा राहतो, कॅमेरा समोर ठेवलेला असतो, गाणे संपते आणि टाळ्या वाजतात. प्लॅटर्स हा गायकांचा गट कॅट्झमनच्या चित्रपटातही आहे आणि टॅशलिनच्याही, त्यामुळे दोन्ही एकामागोमाग पाहिले की फरक सांगावा लागत नाही. फॉक्सने आपल्या चित्रपटासाठी डीलक्स पद्धतीचे रंग आणि सिनेमास्कोप हे अतिरुंद पडद्याचे तंत्र दिले, आणि छायाचित्रण लिऑन शॅमरॉय यांच्याकडे सोपवले. १९५३ साली सिनेमास्कोपचा पहिला चित्रपट म्हणून गाजलेला, बायबलकाळातील कथेवरचा ‘द रोब’ यांनीच चित्रित केला होता. रोमन साम्राज्याच्या भव्यतेसाठी ज्याने प्रकाशयोजना केली, त्याच माणसाने तीन वर्षांनी पियानो बडवणाऱ्या लिटल रिचर्डसाठी ती केली, ही गोष्ट मला या चित्रपटाविषयीच्या अनेक पांडित्यपूर्ण विवेचनांपेक्षा अधिक बोलकी वाटते.

सुरुवातीचा प्रसंग आजही ताजा आहे. नायकाचे काम करणारा टॉम युएल मंचावर वाद्यांच्या मध्ये उभा राहून प्रेक्षकांशी बोलू लागतो. चित्र कृष्णधवल आणि जुन्या चौकोनी आकारातले. हा चित्रपट सिनेमास्कोपच्या भव्यतेत घेतला आहे असे तो सांगतो, मग पडदा अरुंदच आहे हे त्याच्या लक्षात येते. तो बोटाने टिचकी मारतो आणि पडद्याची कड बाजूला सरकते. दुसऱ्या बाजूलाही तेच. त्यानंतर तो रंगांचे गुणगान करतो. रंग काही येत नाहीत, तेव्हा कोणावर तरी खेकसावे तसा आवाज चढवतो आणि मगच चित्र रंगीत होते. पुढे तो आजच्या काळातील सुसंस्कृत, नम्र संगीताविषयी गंभीरपणे बोलू लागतो आणि मागच्या ज्यूकबॉक्समधून, म्हणजे नाणे टाकले की गाणे वाजवणाऱ्या यंत्रातून, लिटल रिचर्डच्या आवाजातले शीर्षकगीत असे काही उसळते की वक्त्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र एकही ऐकू येत नाही. चित्रपटाचे निम्मे म्हणणे या दोन-तीन मिनिटांतच सांगून झालेले असते. घरोघरी पोहोचलेल्या दूरचित्रवाणीच्या लहान, बेरंगी पडद्याला स्टुडिओने दिलेले उत्तर म्हणजे सिनेमास्कोप, त्या उत्तराचीच टॅशलिन प्रथम खिल्ली उडवतो आणि मग तेच रुंद चित्र पुढचा दीड तास मनसोक्त वापरतो. हे शीर्षकगीत लिहिले ते ‘रूट ६६’ या गाण्याचे कर्ते बॉबी ट्रूप यांनी. ते मुळात जॅझच्या वर्तुळातले गृहस्थ. लिटल रिचर्डच्या कंठातून बाहेर पडताना त्यांच्या गाण्याचे जे झाले ते त्यांनाही आधी कल्पून पाहता आले नसेल.

कथा थोडक्यात अशी: मार्टी मर्डॉक हा मागे पडलेला गुंड आपल्या नियोजित वधूला, जेरी जॉर्डनला, सहा आठवड्यांत प्रसिद्ध गायिका करण्याचे काम टॉम मिलर या दारूच्या आहारी गेलेल्या एजंटावर सोपवतो. मोठ्या माणसाची बायको कोणीतरी असायलाच हवी, असे मर्डॉकचे मत. जेरीला मात्र स्वयंपाक, घर आणि मुले हवी आहेत. पुढे टॉम आणि जेरी यांचे जुळणार हे कोणालाही पहिल्या वीस मिनिटांत कळते. जेरीच्या भूमिकेत जेन मॅन्सफिल्ड आहे, तर मर्डॉकचे काम एडमंड ओब्रायन यांनी केले आहे. ओब्रायन यांना त्याआधीच सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले होते आणि येथे ते इतक्या मोठ्या आवाजात, इतक्या उत्साहाने आरडाओरडा करतात की मॅन्सफिल्ड पडद्यावर नसलेल्या प्रसंगांत चित्रपट तेच ओढून नेतात. युएल त्यामानाने फिका आहे. त्याची आणि मॅन्सफिल्डची प्रेमकथा पटत नाही, आणि मधल्या भागात त्या दोघांचे संवाद सुरू झाले की चित्रपटाचा वेग स्पष्टपणे मंदावतो.

टॅशलिन चित्रपटाकडे वळण्यापूर्वी वॉर्नर ब्रदर्ससाठी व्यंगचित्रपट दिग्दर्शित करत असे, आणि ही बाब चित्रपट पाहताना एक क्षणही विसरता येत नाही. जेरी पहिल्यांदा टॉमच्या घराकडे चालत जाते तो प्रसंग पाहावा. बर्फ पोहोचवणारा माणूस तिच्याकडे पाहत राहतो आणि त्याच्या हाताखालची लादी वितळून जाते, दूधवाल्याच्या हातातल्या बाटलीतले दूध उतू जाते, जिन्यावरच्या शेजाऱ्याच्या चष्म्याच्या काचा तडकतात, आणि मागे लिटल रिचर्डचे तेच शीर्षकगीत चालू असते. हाडामांसाच्या माणसांना घेऊन केलेला हा व्यंगचित्रपटच आहे. लगेच पुढच्या प्रसंगात जेरी दोन दुधाच्या बाटल्या छातीशी धरून दारात उभी राहते. त्या काळी हा विनोद किती धाडसी वाटला असेल ते समजते, पण आजच्या प्रेक्षकाला, विशेषतः घरच्या मंडळींसोबत बसलेल्या प्रेक्षकाला, तो अवघडून टाकील. माझ्या मते टॅशलिनचे लक्ष्य जेरीपेक्षा तिच्याकडे पाहणारे पुरुष आहेत. प्रत्येक वेळी फजिती त्यांचीच होते. तरीही विनोद ज्या देहावर उभा आहे तो देह मॅन्सफिल्डचा आहे, आणि दिग्दर्शक त्याचा लाभ पुरेपूर उठवतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती स्वतः मात्र या सगळ्यात गोंधळलेली दिसत नाही. तिची विनोदाची वेळ अचूक आहे आणि घरगुती आयुष्याच्या ओढीचे संवाद ती ज्या साधेपणाने म्हणते त्यामुळे हे पात्र निव्वळ थट्टेचा विषय होऊन राहत नाही.

आता संगीत. टॉम जेरीला एकामागून एक नाइट क्लबमध्ये घेऊन जातो आणि क्लबच्या मालकांची नजर पडावी म्हणून तिला मुद्दाम प्रसाधनगृहाकडे चालत पाठवतो. या क्लबफेरीत लिटल रिचर्ड भेटतो. तो पियानोपाशी बसत नाही, उभ्याने वाजवतो. ढगळ सूट, उंच विंचरलेले केस, बारीक मिशी, आणि डोळे कॅमेऱ्याकडे वळले की समोरच्याचे काही खरे नाही असा आविर्भाव. ‘रेडी टेडी’ आणि ‘शीज गॉट इट’ ही गाणी आधी ध्वनिमुद्रित केलेली आहेत आणि चित्रणात तो ओठ हलवतो आहे. सगळ्याच कलावंतांबाबत तसे आहे, आणि क्वचित एखाद्या वादकाचा हात सुरांच्या मागेपुढे होताना पकडताही येतो. त्याने काही बिघडत नाही. रिचर्डच्या शरीराला थांबणे जमत नाही हे दिसायला ओठांचा मेळ पुरेसा बसला नाही तरी चालते. टॅशलिन येथे कॅमेरा फार हलवत नाही, कापाकापी कमी करतो, रुंद चौकटीच्या एका बाजूला गायक आणि उरलेल्या जागेत टेबलांवर बसलेली माणसे ठेवतो. त्यामुळे गाणे आणि त्याचा परिणाम एकाच चित्रात दिसतो.

जीन व्हिन्सेंट आणि त्याचे ब्लू कॅप्स नावाचे साथीदार तालमीच्या खोलीत ‘बी-बॉप-अ-लूला’ वाजवतात. खोली लहान, वादक एकमेकांना खेटून, डोक्यावर टोप्या. एवढ्याशा जागेत सिनेमास्कोपची आडवी चौकट कशी भरायची हा प्रश्न शॅमरॉय यांनी इतक्या सहज सोडवला आहे की तो प्रश्न होता हेच जाणवत नाही. फॅट्स डॉमिनो पियानोवर बसून ‘ब्लू मंडे’ गातो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे स्मित गाण्यातल्या कामकऱ्याच्या कंटाळ्याशी बरोबर उलटे आहे. ट्रेनियर्स या गटाचा नाच-गाण्याचा धिंगाणा पाहिला की रॉक अँड रोलच्या मंचावरील हालचाली कुठून आल्या असाव्यात याचा एक चांगला धागा मिळतो. एडी फाँटेन, जॉनी ओलेन, निनो टेम्पो यांची गाणी ठीक आहेत आणि ती संपल्यावर लक्षात राहत नाहीत.

एडी कॉक्रनचा प्रसंग वेगळा आहे, कारण तो कथेत कोणासमोर गात नाही, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसतो. गाण्यासाठी तयार गळा लागतोच असे नाही, हे एजंटाला पटवण्यासाठी मर्डॉक त्याला हा पोरगा पाहायला लावतो. म्हणजे प्रसंगाचा हेतू उघडपणे टवाळीचा आहे. पण कॉक्रन गिटार गळ्यात अडकवून खांदे उडवत ‘ट्वेंटी फ्लाइट रॉक’ गातो आणि घरातली मोलकरीण हातातले काम टाकून नाचू लागते, तेव्हा ती टवाळी पार कोलमडते. आपल्या विनोदाचा डाव विषयानेच उधळला तर ते तसेच राहू द्यायचे, हा दिग्दर्शकाचा मोठेपणा म्हणावा की बेफिकिरी, यावर वाद होऊ शकेल. परिणाम मात्र निर्विवाद आहे. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील चर्चच्या जत्रेत, पुढे बीटल्स हा गट गाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने जॉन लेननला पहिल्याच भेटीत जे गाणे गाऊन दाखवले ते हेच होते. पुढे १८ सप्टेंबर १९६८ रोजी बीटल्सनी ‘बर्थडे’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण मध्येच थांबवले आणि ब्रिटिश दूरचित्रवाणीवर लागणारा हा चित्रपट पाहायला सगळे मॅकार्टनीच्या घरी गेले. कॉक्रन तोवर हयात नव्हता. १९६० सालच्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या मोटार अपघातात, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच मोटारीत जीन व्हिन्सेंटही होता आणि तो जखमी झाला. पडद्यावरची ही कोवळी पोरे पाहताना हे माहीत असणे बरे की नसणे, मला ठरवता आलेले नाही.

ज्या गाण्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा लावतो ते रॉक अँड रोल नाहीच. ज्यूली लंडनचे ‘क्राय मी अ रिव्हर’ हे संथ, कुजबुजल्यासारखे गाणे दारूच्या नशेतील टॉमला ऐकू येते आणि पाठोपाठ तीही दिसू लागते. कथेत टॉम एके काळी तिचा एजंट होता आणि तिच्यावर त्याचे प्रेम होते. तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पळतो, जिन्यावर जातो आणि प्रत्येक ठिकाणी ती आधीच हजर असते, दर वेळी निराळ्या पोशाखात, अर्धपारदर्शक, गाण्याची ओळ जराही न तुटता. विनोदी चित्रपटाच्या मधोमध भुताची गोष्ट यावी तसा हा प्रसंग आहे आणि तो विनोदी व भीषण एकाच वेळी वाटतो. गायिका ॲबी लिंकनचेही असेच. नाइट क्लबमधील ‘स्प्रेड द वर्ड’ हे गॉस्पेलच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांच्या वळणाचे गाणे ती ज्या लाल झग्यात गाते तो झगा ‘जंटलमेन प्रेफर ब्लाँड्स’मध्ये मॅरिलिन मनरोने घातला होता. स्टुडिओने कपाटातला जुना पोशाख पुन्हा वापरला, एवढाच त्याचा अर्थ असावा. पण चार वर्षांनी, १९६० मध्ये, जॅझ ड्रमवादक मॅक्स रोचच्या ‘फ्रीडम नाऊ स्वीट’ या संगीतरचनेमध्ये कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यासाठी आकांत करणारा लिंकनचा आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला त्या झग्यातली ती पाहताना चमत्कारिक वाटल्याशिवाय राहणार नाही.

येथे चित्रपटाची एक मोठी मर्यादा नोंदवायला हवी. लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, प्लॅटर्स, ट्रेनियर्स, लिंकन हे सर्व कृष्णवर्णीय कलावंत मंचावर येतात, गातात आणि जातात. कथेतल्या कोणत्याही पात्राशी त्यांचे एक वाक्यही बोलणे होत नाही. त्या काळी अमेरिकेच्या वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेतील चित्रपटगृहांसाठी अशी गाणी वगळून टाकणे सोपे जावे म्हणून कृष्णवर्णीय गायकांना कथेपासून अलग ठेवण्याची हॉलिवूडची रीत होती, आणि हा चित्रपट त्या रीतीला अपवाद नाही. गोऱ्या रॉक गायकांनाही पात्र म्हणून जागा नाही हे खरे, पण कॉक्रनच्या गाण्यावर नाचणारी ती मोलकरीण कृष्णवर्णीय आहे आणि नाचून झाले की तिला कथेत दुसरे काही काम नाही, याकडे डोळेझाक करता येत नाही.

चित्रपटाची खरी चेष्टा गायकांच्या वाट्याला येत नाही, ती धंद्याच्या वाट्याला येते. जेरीला गाता येत नाही असे समजून मर्डॉकने तुरुंगात रचलेल्या, खडी फोडणाऱ्या कैद्यांवरच्या गाण्यात तिला फक्त भोंग्यासारखी किंकाळी फोडण्याचे काम दिले जाते आणि ती तबकडी खपू लागते. खपते कशी? मर्डॉकची माणसे उपाहारगृहांत घुसून प्रतिस्पर्ध्याचे ज्यूकबॉक्स हटवतात आणि आपले बसवतात म्हणून. नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातील गुंडगिरीची अमेरिकी सिनेटच्या समितीने जाहीर चौकशी केली ती १९५९ मध्ये. विनोदी चित्रपटाने तोच विषय त्याआधीच चव्हाट्यावर आणला होता. शेवटी जिवावर बेतलेल्या मर्डॉकला मंचावर ढकलले जाते, तो घाबरून आपलेच गाणे म्हणतो, तरुण प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतात आणि त्याला मारायला आलेला ज्यूकबॉक्सवाला पिस्तूल ठेवून करार पुढे करतो. हा शेवट मला चित्रपटातला सर्वांत तिखट भाग वाटतो. त्याउलट जेरीला अखेरीस गाता येते हे दाखवण्यासाठी दुसऱ्या गायिकेच्या आवाजात घातलेले संथ प्रेमगीत अगदीच बेचव आहे. रॉक अँड रोलच्या चित्रपटाने नायिकेचा विजय जुन्या वळणाच्या गाण्याने साजरा करावा, यात स्टुडिओचा धीर सुटलेला दिसतो.

याच सुमारास मुंबईतही असेच काही चालले होते, हे आठवल्यावाचून राहत नाही. सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर यांनी १९५७ च्या ‘आशा’मध्ये ‘ईना मीना डिका’ बांधले ते रॉक अँड रोलच्याच ठेक्यावर, आणि त्यांच्या वाद्यवृंदातील गोव्याच्या वादकांनी त्यात जीव ओतला. तेथेही नव्या संगीताला प्रवेश मिळाला तो विनोदाच्या दारातूनच.

तबकडीविषयी. चित्रपट ४के, म्हणजे अतिसूक्ष्म तपशिलाच्या डिजिटल, पुनरुज्जीवित प्रतीवरून घेतला आहे आणि चित्राचा दर्जा उत्तम आहे. सिनेमास्कोपची पूर्ण रुंदी जपलेली आहे. दूरचित्रवाणीवर हे चित्रपट एके काळी दोन्ही बाजू कापून दाखवले जात, त्या रूपात सुरुवातीच्या टिचकीच्या विनोदाचा अर्थच नाहीसा होतो. रंग भडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. ज्यूली लंडनचे बदलते पोशाख, लिंकनचा लाल झगा, क्लबच्या भिंती यांतील छटा एकमेकींत मिसळत नाहीत. फिल्मचे कण राखले आहेत, चेहरे मेणासारखे गुळगुळीत केलेले नाहीत. अंधाऱ्या क्लबदृश्यांत मागच्या टेबलांवरची माणसेही ओळखू येतात. ध्वनी स्वच्छ आहे. १९५६ च्या ध्वनिमुद्रणाकडून आजच्या खर्जाची अपेक्षा ठेवू नये, पण पियानोचा ठोका आणि सॅक्सोफोनचा खरखरीतपणा दोन्ही नीट पोहोचतात. बहिऱ्या प्रेक्षकांसाठीची इंग्रजी उपशीर्षके आहेत. ओब्रायन यांचे घाईघाईचे, गुंडांच्या बोलीतले संवाद समजण्यासाठी आपल्याकडच्या प्रेक्षकाने ती सुरू ठेवावीत.

पूरक साहित्य भरपूर आहे आणि त्याचा दर्जा सारखा नाही. टोबी मिलर यांचे चित्रपटभर चालणारे भाष्य अभ्यासपूर्ण आहे, पण ते प्राध्यापकी वळणाचे असल्याने सलग ऐकताना कंटाळा येतो. डेव्हिड केर्न्स यांचा दृश्यनिबंध टॅशलिनविषयी आहे आणि नव्या प्रेक्षकाने तेथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन. दिग्दर्शक जॉन वॉटर्स यांची मुलाखत या संचातील सर्वांत रंजक भाग आहे. वॉटर्स यांची ती प्रसिद्ध पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी लिटल रिचर्डवरून घेतलेली, आणि आपल्या ‘पिंक फ्लेमिंगोज’मध्ये डिव्हाइन (स्त्रीवेशात काम करणारा नट) रस्त्याने चालत जाते तेव्हा त्यांनी हेच शीर्षकगीत वापरले होते, त्यामुळे येथे बोलणारा माणूस तटस्थ समीक्षक नसून पक्का भक्त आहे. मॅन्सफिल्डच्या चरित्रकार ईव्ह गोल्डन यांची मुलाखत, मॅन्सफिल्डची स्वतःची १९५७ मधील मुलाखत आणि कॅरिना लाँगवर्थ यांच्या पॉडकास्टचा तिच्यावरचा भाग, असे तिच्याविषयीचे साहित्य तीन ठिकाणी आहे. १९६७ साली अपघातात गेलेल्या या अभिनेत्रीकडे शेवटी कोणीतरी गंभीरपणे पाहिले याचा आनंद आहे.

संगीताच्या वाट्याला त्यामानाने कमी आले आहे. न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू रेडिओ केंद्रावरील दोन निवेदकांचा संवाद आणि लिटल रिचर्डची १९८४ मधील मुलाखत, एवढेच. निवेदकांचा संवाद चांगला आहे, माहीतगार माणसांच्या गप्पा ऐकल्यासारखा, पण ट्रेनियर्स आणि लिंकन यांच्यासारख्यांवर स्वतंत्र काही हवे होते. चित्रपट आज मुख्यतः ज्यांच्यामुळे जिवंत आहे त्या कलावंतांना चित्रपटाने जसे कथेबाहेर ठेवले, तसेच तबकडीनेही थोडेफार कडेला ठेवले आहे. सोबतच्या पुस्तिकेत रेचल साइम यांचा निबंध आहे आणि टॅशलिनने १९५२ साली लिहिलेल्या व्यंगचित्रकलेच्या पुस्तकातील उतारे आहेत. चौकोन, वर्तुळ, लंबगोल आणि त्रिकोण या चार आकारांतून कोणतीही आकृती उभी करण्याची त्याची पद्धत त्यात दिसते. ती पाने चाळून मर्डॉक आणि जेरी यांना पुन्हा पडद्यावर पाहावे. दिग्दर्शकाने त्यांना कोणत्या आकारांतून काढले ते उघड होते.

आता खरेदीची बाब. ब्लू-रेसाठी जग तीन विभागांत वाटलेले आहे. अमेरिका अ (A) विभागात येते आणि भारत क (C) विभागात. क्रायटेरियनच्या अमेरिकी तबकड्या साधारणतः अ विभागापुरत्या बांधलेल्या असतात, त्यामुळे भारतात विकत घेतलेल्या नेहमीच्या प्लेअरवर त्या चालतील अशी आशा बाळगू नये. त्यासाठी सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर लागतो. डीव्हीडी घेऊन ही अडचण टळेल असे कोणाला वाटेल, पण तेथेही अमेरिकेचा विभाग पहिला आणि भारताचा पाचवा, म्हणजे गाठ तीच राहते. फरक इतकाच, की कोणत्याही विभागाची डीव्हीडी चालवणारे यंत्र आपल्याकडे स्वस्तात मिळते. ब्लू-रेची छापील किंमत ३९.९५ डॉलर आहे. त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरले तर एका चित्रपटासाठी ही रक्कम बरीच होते, आणि केवळ एवढ्यासाठी नवा प्लेअर घेण्याचा सल्ला मी देणार नाही. ज्यांच्याकडे तसा प्लेअर आधीच आहे आणि ज्यांना या संगीताची मनापासून ओढ आहे, त्यांनी मात्र जरूर घ्यावी.

अमेरिकेत न्यू जर्सी, बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर) किंवा शिकागोकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना यातले काहीच आड येत नाही. तेथील पुस्तकांच्या एका मोठ्या साखळी दुकानात क्रायटेरियनच्या तबकड्या वर्षातून दोनदा, बहुधा जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, निम्म्या किमतीत विकल्या जातात. तोवर थांबणे शहाणपणाचे. कित्येक सार्वजनिक ग्रंथालये या तबकड्या विनामूल्य घरी नेऊ देतात, तेव्हा आधी तेथे चौकशी करून चित्रपट एकदा पाहावा आणि मगच विकत घ्यायचे की नाही ते ठरवावे. सुट्टीत पुण्या-मुंबईला येणाऱ्या नातलगाकडून ती मागवायची असेल, तर त्याला खोक्यावरचे विभागाचे खूण-अक्षर आधी पाहायला सांगावे, आणि पुस्तिका आत आहे ना याची खात्री करून घ्यावी. वापरलेल्या प्रतींमधून ती बरेचदा गहाळ झालेली असते.